पाणी किती आहे ते विचारू नका, चढतंय की उतरतंय ते विचारा

नमस्कार काका,

मी विलेपार्ल्याला राहतो, वय ३९. दोन वर्षांपूर्वी फ्लाय फिशिंगचं, म्हणजे दोरा-पिसांचं नकली किड्यासारखं आमिष (फ्लाय) फेकून मासे धरण्याचं वेड लागलं. रोज पहाटे मैदानावर रॉड घेऊन लाइन फेकायचा सराव करतो. गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचलला तीर्थन खोऱ्यात गेलो होतो. निघण्याआधी होमस्टेवाल्यांना फोन केला, ते म्हणाले, 'पानी बढ़िया है, आ जाओ.' गेलो तर नदी चहाच्या रंगाची. चार दिवस काठावर बसून परत आलो, एकही मासा लागला नाही. यंदा अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन मेच्या सुट्टीत किंवा दिवाळीत जायचं मनात आहे. बायकोचं म्हणणं, पुन्हा पैसे पाण्यात घालू नका. मुंबईत बसून तिकडच्या नदीची अवस्था कशी ओळखायची? आणि काठावर उभं राहिल्यावर पाण्यात उतरायचं की नाही, हे कसं ठरवायचं?

– एक वाचक, विलेपार्ले

प्रिय वाचक,

तुमच्या होमस्टेवाल्याने तुम्हाला फसवलं नाही. त्याच्या दृष्टीने पाणी खरंच 'बढ़िया' होतं. जूनअखेर नदी दुथडी भरून वाहतेय, डोंगर हिरवे होतायत, पाहुणे खूश आहेत. ट्राउटला, म्हणजे तुम्ही ज्याच्या मागे गेलात त्या थंड पाण्यातल्या माशाला, त्या पाण्यात समोरचं काही दिसतं का, याच्याशी त्याला काय देणंघेणं? चूक प्रश्नात होती. 'पाणी कसं आहे' असं विचारलं की 'छान आहे' हेच उत्तर येतं, कुठल्याही गावात.

पुढच्या वेळी असं विचारा: तुमच्या घरासमोर नदीत जो मोठा दगड आहे, त्याचा माथा आज दिसतोय का? काल दिसत होता का? गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर स्वतःच्या पायाची बोटं दिसतात का? शेवटचा पाऊस कधी पडला, दुपारी की रात्री? आणि हेच प्रश्न त्याच माणसाला तीनदा विचारा. निघायच्या पाच दिवस आधी, तीन दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी. एका फोनवर नदी कळत नाही.

कारण ट्राउटच्या नदीत पाणी किती आहे यापेक्षा ते चढतंय की उतरतंय याला जास्त महत्त्व आहे. चढतं पाणी काठावरची माती, पालापाचोळा, काटक्या सगळं ओढून आणतं. ट्राउट नजरेवर शिकार करणारा मासा. पाणी गढूळ झालं की तो काठाला किंवा दगडाच्या आडोशाला दबून बसतो, आणि तुमची दोरा-पिसांची फ्लाय त्याच्या तोंडासमोरून गेली तरी त्याला दिसत नाही. तेच पाणी उतरायला लागलं की गाळ खाली बसतो, रंग तपकिरीवरून शेवाळी आणि शेवाळीवरून बाटलीच्या काचेसारखा हिरवा होतो. दोन-तीन दिवस उपाशी बसलेला मासा बाहेर येतो. फ्लाय फिशिंगमध्ये याहून चांगलं पाणी मिळत नाही, नितळ पाण्यापेक्षाही चांगलं. कारण त्याला फ्लाय दिसते, पण काठावरचे तुम्ही नीट दिसत नाही. म्हणून पाणी थोडं जास्त आहे पण दोन दिवस उतरतंय, तर बॅग भरा. पाणी कमी आहे पण आज सकाळपासून चढायला लागलंय, तर थांबा.

आपण मुंबईकर हे एरवी रोज करतोच की. जुलैत सकाळी पेपर उघडला की तानसा, मोडकसागर, भातसा यांची पातळी बघतो, आणि नजर जाते ती कालच्यापेक्षा किती वाढली याकडे. तीच सवय तीर्थनला लावा.

आता तुमच्या जूनच्या दौऱ्याचं काय बिनसलं ते सांगतो, म्हणजे तारखा निवडताना उपयोग होईल. या नद्यांना दोन पाणी येतात. एक वितळलेल्या बर्फाचं, दुसरं पावसाचं. मार्चमध्ये वरचा बर्फ घट्ट असतो, नदी बारीक आणि नितळ असते. एप्रिलपासून वितळण सुरू होतं, मेच्या मध्यानंतर जोर धरतं. जूनअखेर त्यात मान्सूनची भर पडते. तुम्ही दोन्ही पाण्यांच्या तावडीत सापडलात. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस मागे फिरला की नदी पुन्हा निवळायला लागते आणि ऑक्टोबरभर ती बघत राहावी अशी असते.

आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर गुढीपाडवा चांगला, अक्षय्य तृतीया चालेल, गणपतीत जाऊ नका, नवरात्र-दसरा उत्तम. फक्त कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होऊन सात दिवस चालतो, तेव्हा त्या रस्त्याला गर्दी असते. आणि दिवाळीचं नीट ऐका. हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते. थंडीत ब्राउन ट्राउटची मादी नदीतल्या गोट्यांमध्ये खळगा करून अंडी घालते. त्या दिवसांत नदीत नुसतं चाललं तरी पायाखाली अंडी चिरडतात. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरात आली तरच तुमचा बेत जमतो; नोव्हेंबरात आली तर विषय संपला. आपले कोळीबांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रात जातात. मुलीला त्या उदाहरणाने समजवा, तिला लगेच पटेल.

तेव्हा माझं मत: मेचा पहिला आठवडा. शाळेला सुट्टी लागली की लगेच, शेवटच्या आठवड्याची वाट न बघता. मेअखेर उत्तर भारतात उन्हाचा कडाका वाढतो, दिल्ली-चंडीगढ तापलं की वर बर्फ भराभर वितळतो. गंमत अशी की मेमध्ये ढगाळ, गार, पण कोरडे दोन-तीन दिवस आले तर नदी उतरते आणि निवळते. पर्यटक ज्या हवेला नावं ठेवतात ती मासेमारी करणाऱ्याला हवी असते.

मुंबईत बसून हे बघता येतं. भारतीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुल्लू जिल्ह्याचा अंदाज रोज मिळतो, पिवळा, नारिंगी, लाल इशाऱ्यांसकट. त्यात दोनच गोष्टी बघा. एक, पश्चिमी झंझावात येतोय का. आपल्याकडे कडक ऊन असताना तिकडे पाऊस आणि वरच्या भागात बर्फ पडतो तो बहुतेक वेळा याच्यामुळे. तो जाऊन दोन दिवस झाले की नदी सहसा रांगेला लागते. दुसरी गोष्ट लोक बघतच नाहीत: उंचावरचं रात्रीचं तापमान. तीर्थन खोऱ्याच्या डोक्यावर जलोडी खिंड आहे, उंची सुमारे ३१०० मीटर. मोबाइलवरच्या कुठल्याही हवामान ॲपवर त्या जागेचं आणि तिच्याहून उंच शिखरांचं रात्रीचं किमान तापमान बघा. रात्री पारा शून्याखाली जात असेल तर वितळण रात्री थांबतं आणि सकाळी नदी खाली आलेली मिळते. शिखरांवरही रात्री शून्याच्या वर राहत असेल तर बर्फ चोवीस तास वितळतोय असं समजा. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची छायाचित्रं फुकट बघता येतात, दर काही दिवसांनी नवं चित्र येतं. आकाश मोकळं असेल तर डोंगरावर किती बर्फ शिल्लक आहे ते स्वच्छ दिसतं. दोन आठवडे आधी एकदा आणि निघताना एकदा बघितलंत तरी पुरे.

तिकीट आणि खोली मात्र अशी घ्या की तीन दिवस आधी रद्द करता येईल. वहिनींना सांगा, पैसे पाण्यात जातात ते बेत ठरवल्यामुळे नव्हे, ठरलेला बेत मोडायची सोय ठेवली नाही म्हणून.

आता पोहोचलात असं धरू. औटला बसमधून उतरलात, बंजारच्या रस्त्याने गुशैणीला आलात. सामान टाकून लगेच रॉड जोडू नका. गुशैणीला फलाचन नाला तीर्थनला मिळतो. त्या संगमावर जा आणि दहा मिनिटं नुसते उभे राहा. डोंगरात पाऊस एकाच खोऱ्यात पडतो असं पुष्कळदा होतं. एक पाणी गढूळ आणि शेजारचं नितळ, मध्ये दोन रंगांची सरळ रेघ, असं दृश्य तुम्हाला तिथे दिसू शकतं. तसं असेल तर दिवस वाया गेला नाही. जे पाणी नितळ आहे त्याच्या काठाने वर चालत जा.

मग काठ वाचा. पाण्याच्या रेषेच्या वर दगडावर ओला काळा पट्टा दिसतोय का? म्हणजे पाणी उतरतंय. काठचं कोरडं गवत पाण्यात बुडून लवतंय, पृष्ठभागावरून पानं आणि काटक्या वाहतायत? चढतंय. खात्री करायची असेल तर पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी रोवा, घड्याळ बघा, चहा पिऊन या. अर्ध्या तासात काटकी पाण्यात गेली असेल तर नदीत पाय घालू नका. हे काम मुलीकडे द्या. मुलं ते मोठ्यांपेक्षा मन लावून करतात.

सोबत थर्मामीटर ठेवा, दोरी बांधलेला साधा. सावलीतल्या वाहत्या पाण्यात दोन मिनिटं धरा. साधारण १० ते १६ अंशांच्या मध्ये ट्राउट मनापासून खातो. पाच-सहा अंशांवर तो सुस्त असतो. तेव्हा जड निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) तळालगत सावकाश न्या आणि ऊन वर येईपर्यंत धीर धरा. पाणी २० अंशांच्या वर गेलं तर रॉड बाजूला ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, झटापटीने दमलेला मासा सोडून दिला तरी वाचेलच असं नाही. मेमध्ये वरच्या तीर्थनमध्ये तुम्हाला काळजी थंडीचीच असेल, पण आकडा लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मासा कुठे असेल, हेही पाणीच सांगतं. बारीक, नितळ पाण्यात तो डोहाच्या तोंडाशी, जिथे जोराची धार संथ पाण्याला घासते तिथे असतो आणि तुमची सावली पडली तरी पळतो. गुडघ्यांवर बसा, लांब लीडर (लाइन आणि फ्लायच्या मधला बारीक पारदर्शक दोरा) लावा, पहिली फेक काठालगतच टाका. पाणी जास्त आणि हिरवं असेल तर तो मधली धार सोडून काठाच्या दगडांमागे येतो, तुमच्या पायापासून तीन-चार फुटांवर. म्हणजे नेमकं ज्या दिवशी पाणी जास्त असतं, त्या दिवशी पाण्यात उतरायची गरजच नसते. नवी माणसं उलट करतात. भरल्या पाण्यात मासा मध्ये असेल म्हणून कमरेपर्यंत शिरतात, आणि जाताना काठचा मासा तुडवत जातात.

पाण्यात उतरायचंच असेल तर नद्यांचा प्रवाह मोजणारे लोक एक हिशेब पाळतात तो सांगतो. खोली फुटांत मोजा. एक काटकी पाण्यात टाका, ती एका सेकंदात किती फूट जाते ते बघा. दोन्हींचा गुणाकार १० किंवा त्याहून जास्त आला तर उतरायचं नाही. दीड फूट पाणी, वेग सेकंदाला चार फूट: सहा, त्यांच्यासाठी ठीक. तीन फूट पाणी, तोच वेग: बारा, नाही. हा आकडाही अनुभवी, भक्कम माणसासाठी आहे. तुम्ही पाचावर थांबा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, आणि हे पाणी बर्फाचं आहे. त्यात पडलं की पहिला श्वास आपोआप ओढला जातो, तोंड पाण्यात असतानासुद्धा. मुलीला नदीत उतरवू नका, पोहता येत असलं तरी. तिला काठावरून फेकू द्या.

एक प्रसंग सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, मे महिना, आकाश निळंशार. सकाळी साडेनऊला मी घोट्याएवढ्या पाण्यातून चालत नदीतल्या एका सपाट खडकावर गेलो. मासे लागत होते. जेवायला आलो नाही. चारच्या सुमाराला लक्षात आलं की खडकाची जी कड सकाळी माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होती ती पाण्याला टेकलीय. पाऊस कुठेच नव्हता. सकाळचं ऊन ज्या बर्फावर पडलं, त्याचं पाणी आता माझ्यापर्यंत पोहोचत होतं. माझ्यासोबत आलेला गावातला मुलगा काठावरून ओरडत होता, पण नदीच्या आवाजात मला ते ऐकू आलं नव्हतं. परत येताना पाणी मांडीच्या वर होतं. प्रत्येक पाऊल टाकताना तळाचे गोटे सरकत होते, आणि त्यांचा आवाज कानाने नाही, तळपायातून कळत होता. तो वीस फुटांचा रस्ता मला आजही आठवतो. बर्फाच्या पाण्याची नदी पहाटे सर्वांत खाली असते आणि दुपारनंतर चढते, हे मला तोंडपाठ होतं. तरीही मी त्या खडकावर उभा होतो, कारण मासे लागत होते.

म्हणून मेमध्ये पहाटे साडेपाचला नदीवर, दहा-साडेदहाला बाहेर. दुपार मुलीसोबत जंगलात घालवा, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क शेजारीच आहे. संध्याकाळी जायचं तर फक्त काठावरून.

एवढ्या गोष्टी दिसल्या की मागेपुढे न बघता वर चढा: पाण्याला अचानक मातीचा वास, तळातून गोट्यांची गडगड, वरच्या अंगाला काळे ढग किंवा गडगडाट, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. आणि पाणी एकाएकी कमी झालं तर सर्वांत आधी पळा. वर दरड कोसळून प्रवाह अडलेला असू शकतो, आणि तो फुटला की लोंढा येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब कसं वाहून गेलं ते आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिलंय. ते आपल्या घराजवळचं, ओळखीचं पाणी होतं.

धरणांचंही विसरू नका. तीर्थनवर वीजप्रकल्प होऊ नयेत म्हणून तिथल्या लोकांनी लढा दिला, त्यामुळे ती आजही आपल्या लयीने वाहते. पण ती पुढे लारजीजवळ ब्यासला मिळते, आणि तिथे धरण आहे. ८ जून २०१४ च्या संध्याकाळी त्या धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादहून सहलीला आलेले २४ विद्यार्थी वाहून गेले. नदीत उभं राहून फोटो काढत होते. त्या दिवशी ना पाऊस होता ना पूर. धरणाखालच्या नदीला वर सांगितलेली एकही खूण लागू पडत नाही. तिथे पाणी कधी येईल ते ऊन किंवा ढग ठरवत नाहीत. उद्या कोणी तुम्हाला बरोटला ऊहल नदीवर न्यायचं म्हणालं, तर तिथेही १९३० च्या दशकापासून वीजप्रकल्प आहे. मासेमारी धरणाच्या वरच्या अंगाला करा, आणि खाली जायचंच असेल तर पाणी सोडायच्या वेळा आधी विचारा, भोंगा वाजला की काय करायचं ते मुलीला सांगून ठेवा.

परवाना मत्स्य विभागाकडून घ्यायला विसरू नका. घेताना तिथल्या माणसाला गेल्या आठवड्याच्या पाण्याबद्दल विचारा. तो रोज ती नदी बघतो, आणि विचारणारे फार नसतात.

सराव चालू ठेवा, पण मैदानावर आता उभं राहून नको, गुडघ्यांवर बसून करा. मुलीसाठी एक छोटी वही घ्या: तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, रंग, काटकी बुडाली की कोरडी. पहिल्या सकाळी त्यात काय लिहिलं गेलं ते मला कळवा.

तुमचा,
काका